आतेची राखुंडी

आमच्या घराण्यात पदवी घेतलेला पहिला माणूस मी. हे आधीच सांगून टाकतो, कारण नाही सांगितलं तर पुढे कुठेतरी ते माझ्या तोंडून निघणारच. बायको म्हणते, मी रिक्षावाल्याला पत्ता सांगतानाही आधी शिक्षण सांगतो. तुडील गावी आमची भाताची शेती. बाबांना सहीपुरतं येतं, आईला तेवढंही नाही, आणि मी मानसशास्त्रात एम.ए. निकाल लागला तेव्हा गावात एकाने बाबांना विचारलं, "म्हंजे येड्यांचा डाक्टर काय?" बाबा म्हणाले, "नाय. शान्यांचा." ते वाक्य मी पुढे वर्षभर छातीवर बिल्ल्यासारखं लावून फिरलो.

अनुसयाबाईंशी माझी गाठ पडली तेव्हा तो बिल्ला चकचकीत होता.

एका संस्थेच्या तंबाखूमुक्तीच्या प्रकल्पात मी समुपदेशक म्हणून लागलो होतो. पोलादपूर तालुक्यातल्या वाड्यावस्त्या माझ्याकडे. आमच्या भागात बायका मिशेरी लावतात. तंबाखूचं पान तव्यावर काळं होईपर्यंत भाजायचं, कुटायचं, डबीत भरायचं आणि बोटाने दातांवर, हिरड्यांवर घासत बसायचं. दात घासायला म्हणून सुरुवात होते आणि मग दिवसातून चार-चार वेळा घासले जातात, इतके स्वच्छ दात कुणाला हवे असतात? माझी स्वतःची आई लावायची. तिला सोडवणं मला जमलं नव्हतं, म्हणून मी तालुका घेतला.

अनुसयाबाई कशेडी घाटाच्या अलीकडच्या एका वाडीच्या आशाताई. वाडीचं नाव सांगत नाही. "आमची गोष्ट सांग, नाव नको," असं तिथल्या बायकांनी मला बजावलं आहे. नवरा लवकर गेला, मुलगी कडेवर असताना त्या माहेरी परत आल्या, म्हणून अख्ख्या वाडीच्या आते. मीही थोड्याच दिवसांत आते म्हणू लागलो आणि अहो-जाहो आपोआप गळून पडलं.

काटक बाई. उंची माझ्या खांद्याला. चपला कायम पिशवीत; डांबरी रस्ता आला की काढून घालायची आणि डांबरी संपली की पुन्हा पिशवीत. रजिस्टर पेन्सिलीने लिहायची आणि पेन्सिलीला टोक काढायची विळीवर. आठवी शिकलेली, पण अक्षर असं की माझी एम.ए.ची उत्तरपत्रिका तिच्या रजिस्टरशेजारी ठेवली तर लोकांना निकालाबद्दल शंका यावी.

तिची एक पद्धत मी पहिल्याच आठवड्यात पाहिली आणि मला ती चुकीची वाटली. कुणाच्याही घरात शिरली की ती प्रश्न विचारायची नाही. त्या घरच्या बाईच्या मांडीवरचं सूप ओढून घ्यायची आणि तांदळातले खडे निवडायला लागायची. नजर सुपात. मग सुपाकडे बघतच, "पाळी कवा आली होती गो?" किंवा, "परवा रडत का होतीस?" आणि समोरची बाईही सुपाकडे बघतच सगळं सांगून मोकळी व्हायची. आम्हाला वर्गात शिकवलं होतं, समोरच्याच्या डोळ्यांत डोळे घालून बोला, त्याने विश्वास वाढतो. मी वाडीतल्या सुनांच्या डोळ्यांत डोळे घालून विश्वास वाढवायला लागलो. तिसऱ्या घरी आतेने मला दंडाला धरून बाहेर अंगणात आणलं.

"मार खाशील रे," ती म्हणाली. "आणि मला पण खायला लावशील."

पहिली सभा शाळेत. मी एक फ्लेक्स छापून घेतला होता. त्यावर पाच पायऱ्या. माणूस सवय सोडतो तो एका उडीत नाही, पायरी-पायरीने: आधी सोडायचा विचारच नसतो, मग विचार येतो, मग तयारी, मग प्रत्यक्ष सोडणं आणि शेवटी ते टिकवणं. शास्त्र खरं आहे, आजही मी ते मानतो. पण मी बायकांना एकेक करून उभं केलं आणि विचारलं, तुम्ही कुठल्या पायरीवर आहात? एक म्हातारी म्हणाली, "मी दाराच्या पायरीवर हाय बाबा, आत जागाच नाय." हसून हसून सभा बुडाली. त्या दिवसापासून वाडीत माझं नाव पडलं, पायरीवाला. लहान पोरंही हाक मारायची. एम.ए. कुणाला आठवलं नाही.

दुसऱ्या सभेला मी जय्यत तयारीने गेलो. धोका नीट कळला की माणूस बदलतो, असं एक सूत्र आहे. मी धोका दाखवला. लॅपटॉपवर तोंडाच्या कर्करोगाचे एकेक फोटो, मोठे करून. बायका चुकचुकल्या, पदर तोंडाला लावले, एकीच्या डोळ्यांत पाणी आलं. मला भरून आलं, आपण पोचलो म्हणून. सभा संपवून बाहेर आलो तर शाळेच्या मागे सगळ्या ओळीने बसलेल्या, तर्जनी तोंडात. मी आतेकडे पाहिलं.

"जीव घाबरला त्यांचा," आते म्हणाली. "घाबरलं की लावतात. तू एवढं घाबरवलंस, आज दोनदा लावतील."

आता शहाण्या माणसाने इथे थांबायचं. मी शपथविधी ठेवला. "आजपासून मिशेरी सोडली" अशी सामुदायिक शपथ, आणि प्रत्येकीने आपली डबी आणून गोणीत टाकायची. गोणी भरली! संस्थेचे साहेब महाडहून आले, गोणीशेजारी फोटो झाले, मी एका हाताने गोणी उचलून धरलेला फोटो माझ्या स्टेटसवर तीन दिवस होता. चौथ्या दिवशी आतेच्या पडवीत चहा पिताना मी विषय काढला, की बघा, एका दिवसात...

"डब्या उघडून बघितल्यास?"

"नाही."

"बघायच्या होत्यास. जुन्या, गंजलेल्या, माळ्यावरच्या. एकीनं तर लग्नातली कुंकवाची डबी दिली. पोरगा एवढा लांबून येतो, रिकाम्या हातानं कसा पाठवायचा, म्हणाल्या."

मी कप खाली ठेवला. गोणी वाजत होती ती रिकाम्या डब्यांची, हे मला उचलतानाच कळायला हवं होतं. भरलेली गोणी एका हाताने उचलली जाते का?

माझा चेहरा बघून आतेला दया आली असावी. कारण मग तिने मला ते सांगितलं जे माझ्या कुठल्याही पुस्तकात नव्हतं. आणि असलंच तर मी ते पान परीक्षेला येत नाही म्हणून सोडलं होतं.

"तू विचारतोस, कशी सोडणार. आधी विचार, लावतात का," ती म्हणाली. "सकाळी उठल्यापासून सून चालते. पाणी, शेण, भाकरी, शेत. बसली की हाक येते. पण तोंडात मिशेरी असली की सासूपण हाक मारत नाय. बोलायला येत नाय ना तिला, बोट काळं, पाण्याला हात लावायचा नाय. चूळ भरेपर्यंत ती सुटली. दिवसातली तेवढीच रजा तिची. तू ती गोणीत मागतोस."

फायदे आणि अडथळे यांचा तक्ता मी बी.ए.पासून काढत आलो होतो. "अडथळे" या रकान्यात मी "व्यसन, अज्ञान" लिहिलं होतं. "सासू हाक मारते" हे लिहिलं नव्हतं. आमच्या घरात आई मिशेरी लावत बसली की आम्हीही तिला हाक मारत नसू. म्हणजे उत्तर मला लहानपणापासून पाठ होतं, फक्त प्रश्नपत्रिका ओळखता आली नाही.

मग आतेने केलं ते असं. भाताच्या तुसाची राखुंडी, तीच आपली जुनी दात घासायची काळी राख. तिने ती चाळून, मीठ आणि ओवा घालून कुटली. मिशेरीच्याच डब्यांत भरली. दुपारची जेवणं झाली की सगळ्या आतेच्या पडवीत जमायच्या, डब्या उघडायच्या, बोटं काळी करायच्या आणि बसायच्या. लांबून बघणाऱ्या सासूला मिशेरीच दिसायची. रजा तशीच राहिली, तंबाखू गेली. सगळ्यांची एकदम नाही. कुणी निम्मं निम्मं मिसळलं, कुणी चार दिवस सोडून पुन्हा धरलं. सुलभा नावाची एक सून होती, तिचं डोकं असं दुखायचं की भिंतीला टेकवून बसायची. आते तिच्याजवळ सरकून म्हणायची, "चार दिस काढ गो. पाचव्या दिवशी उतरतं." आणि पाचव्या दिवशी उतरलं. पडवीत पुरुषाला मज्जाव होता. मी अंगणातल्या फणसाखाली बसून नोंदी करायचो आणि शास्त्रीय निरीक्षण करतो आहे असा चेहरा ठेवायचो.

वर्षअखेर मी अहवाल लिहिला. त्यात आतेवर एक आख्खं पान. "स्वतः लहानपणापासून मिशेरी लावणाऱ्या आशाताईंनी ती पूर्णपणे सोडून इतरांसमोर आदर्श ठेवला. त्या आज पाचव्या पायरीवर आहेत." शेजारी तिचा फोटो, बोट काळं. साहेबांना पान इतकं आवडलं की प्रकल्प आणखी एका वर्षासाठी वाढला. माझी नोकरीही.

पुढच्या थंडीत दातांच्या डॉक्टरीणबाईंना घेऊन आम्ही वाडीत तपासणी ठेवली. आते रांग लावत होती, नावं लिहीत होती, सगळ्यांना पुढे ढकलत होती. शेवटी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ताई, तुम्ही?" ती नको-नको म्हणत खुर्चीत बसली. बॅटरी आत गेली आणि डॉक्टरीणबाईंनी तिचा चेहरा उजेडाकडे वळवला. डाव्या गालाच्या आत पांढरा चट्टा, त्यात एक लाल, कडक जागा. लगेच मुंबईला दाखवा, तुकडा काढून तपासायला हवा, एक आठवडाही घालवू नका, असं त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. मग विचारलं, "या अजून लावतात ना?"

"छे," मी म्हणालो. "त्या पाचव्या पायरीवर आहेत."

सगळे गेल्यावर मी आतेच्या पडवीत गेलो. तिने डबी माझ्यासमोर ठेवली. मी झाकण काढलं आणि नाकाला वास आला. राखुंडीला असा वास नसतो.

"पहिल्यापासून?" मी विचारलं.

"मधे सोडली होती. तीन वेळा." ती डबीकडे बघत होती, सुपाकडे बघायची तशी. "डब्या सारख्या, बोटं सारखी. कोण बघतंय? म्हणून तर मी कोपऱ्यात बसायचे, वाऱ्याच्या खालच्या अंगाला."

मी तिला मुंबईला जायचं सांगितलं. ती म्हणाली, आत्ता नाय. मी दुसऱ्या दिवशी गेलो, तिसऱ्या दिवशी गेलो. कागदावर दोन रकाने पाडून एकीकडे जाण्याचे फायदे आणि दुसरीकडे अडचणी लिहून दाखवल्या. तिने कागद नीट वाचला आणि "भाडं" या शब्दातली वेलांटी चुकली आहे म्हणाली. भाडं या शब्दाला वेलांटीच नसते. घाईत लिहिताना कुठे तरी रेघ गेली होती.

"पैशाचं नाय रे," ती म्हणाली. "पोरगी हाय मुंबईला, नेईल ती. पण मी तोंड कापून आले की वाडी काय म्हणेल? आतेनं मिशेरी सोडली आणि आतेला रोग लागला. झालं. दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या डब्यांत पुन्हा तंबाखू."

हे काही ती हवेत बोलत नव्हती. आमच्याकडे असंच धरतात. माणूस खोकून खोकून थकतो तेव्हा बिडी सोडतो, महिन्याभरात जातो, आणि गाव म्हणतं, बिडी सोडली ते त्याला मानवलं नाही. मी स्वतः या विषयावर एक सभा घेतली होती, कारण आधी की परिणाम आधी, बाणबिण काढून. सभेनंतर एकाने मला विचारलं होतं की मग एकदम सोडू नये, असंच ना?

आणि इथे मी काय म्हणालो ते लिहायला मला लाज वाटते, पण आतेवर लिहायचं तर ते वगळून चालणार नाही. मी म्हणालो, "मग कुणाला कशाला सांगायचं? पोरीकडे राहायला चालले म्हणून गुपचूप जाऊन या." मला आतेची काळजी होती, खरंच होती. पण त्या काळजीच्या मागे एक पान होतं, फोटोसकट, आणि त्या पानावर माझी नोकरी उभी होती.

आतेने माझ्याकडे पाहिलं. सुपात नाही, जमिनीकडे नाही, सरळ डोळ्यांत. ओळख झाल्यापासून पहिल्यांदा. माझ्या पुस्तकात लिहिलंय तसा विश्वास वगैरे काही वाढला नाही. मीच नजर खाली घातली.

"मी लावत होते, हे सांगायला लागेल आधी," ती म्हणाली. "मग जाईन."

पण सांगवेना. रोज दुपारी बायका जमायच्या, आणि आते तोंड उघडायची ते कुणाची लस राहिली, कुणाच्या पोराला ताप, एवढंच बोलायला. मी फणसाखाली बसून मनात दिवस मोजत होतो. एक आठवडा गेला. डॉक्टरीणबाईंचा दोनदा फोन आला. "मला जमेल" असं आतून वाटल्याशिवाय माणूस पाऊल उचलत नाही, हे मी कितीतरी सभांत सांगितलं होतं; ते वाटायला लावायचं कसं, हे मला समोर बसलेल्या एका बाईच्या बाबतीत येत नव्हतं. शेवटी मी विचारलं, "मी सांगू का?"

"तुझं कोण ऐकणार रे," ती म्हणाली आणि त्या आठवड्यात पहिल्यांदा हसली.

दहाव्या दिवशी दुपारी ती कोपऱ्यातून उठून मधे येऊन बसली. स्वतःची डबी उघडून तिने शेजारच्या बाईच्या हातात दिली. "वास घे. पुढं दे."

डबी हातोहात फिरली. डबी सुलभाकडे आली, तिने वास घेतला आणि झाकण लावून डबी जमिनीवर आपटली.

"माझं डोकं फुटायचं आते," ती म्हणाली. "भिंतीला टेकवून बसायचे मी. तवा तू मला सांगायचीस, चार दिस काढ. आणि तू बाजूला बसून हे लावत होतीस?"

"म्हणून तर म्हायती होतं मला," आते म्हणाली, "कसं फुटतं ते. मी तिनदा तिसऱ्या दिवशी हरले. तू पाचवा काढलास." मग तिने गालाचं सांगितलं. डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या तेही. "मिशेरी सोडली म्हणून नाय झालं हे. सोडली नाय म्हणून झालं. उद्या मी नसले आणि कोण उलटं सांगायला लागली, तर तिला सांगा, डबीचा वास आम्ही घेतलाय."

भागीरथीकाकू म्हणून वाडीतली सगळ्यात वयस्कर बाई. तिने राखुंडीला कधी हातच लावला नव्हता. ती सगळ्यांत बसून उघडपणे तंबाखूच लावायची. ती उठली, फणसाकडे वळून मला म्हणाली, "आणि तुला म्हायती होतं काय रे पायरीवाल्या?"

"दहा दिवसांपासून," मी म्हणालो.

"वर्षभर काय लिहीत होतास मग?"

बायका डब्या उचलून एकेक करून निघून गेल्या. मी त्याच संध्याकाळी साहेबांना फोन करून ते पान चूक आहे म्हणून सांगितलं. छापून झालंय, म्हणाले.

चार दिवस पडवी रिकामी होती. आते रजिस्टर पुरं करत बसलेली. पाचव्या दिवशी तिची मुलगी तिला न्यायला आली.

पुढचं थोडक्यात सांगतो. तुकडा तपासला, कर्करोगच निघाला, शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर आठ महिने ती मुलीकडे होती. फोनवर तिचं बोलणं मला कळायचं नाही आणि मी "हो हो" म्हणायचो, मग मुलगी फोन घेऊन सांगायची, "आई म्हणतेय, काय हो हो?" वाडीत ती परत आली नाही, मुंबईतच गेली. त्यामुळे मला ती दिसते ती पोलादपूरच्या एसटी स्टँडवर, सकाळी, मुंबईची गाडी लागलेली असताना.

मुलगी पिशव्या घेऊन आत चढली होती. आते चपला घालून फलाटावर उभी होती. आणि एक जीप येऊन थांबली, त्यातून वाडी उतरली. एकीवर एक बसून आलेल्या, दिवसाचं काम टाकून. पुढे सुलभा. आतेने पदर सावरला. मला वाटलं, आता भांडण होणार, आणि मी गर्दीचं मानसशास्त्र आठवायला लागलो.

"तोंड उघड," सुलभा म्हणाली.

"हितं?"

"हितंच. बघायचंय आम्हाला."

आतेने तोंड उघडलं. दोन बोटांपलीकडे ते उघडत नव्हतं. सुलभाने तिची हनुवटी धरून चेहरा उन्हाकडे वळवला, आत पाहिलं आणि बाजूला झाली. मग दुसरी. मग तिसरी. रांग लागली. कुणी चुकचुकलं नाही, कुणी पदर तोंडाला लावला नाही. नव्या पाहुणीच्या गळ्यातलं बघावं तसं एकेक जण वाकून, नीट बघून पुढे सरकत होती. कंडक्टर ओरडला, "दातांचा दवाखाना उघडलाय काय? चला, सुटली गाडी!"

भागीरथीकाकूने सगळ्यात जास्त वेळ पाहिलं. मग ती काही न बोलता वळली आणि स्टँडच्या नळाकडे चालू लागली. तिच्या तोंडात तेव्हाही मिशेरी होती. तिने ती थुंकली, ओंजळी भरभरून चुळा भरल्या, बोट साडीला पुसलं आणि लगबगीने परत आली. आतेचा एक पाय गाडीच्या पायरीवर होता.

"थांब," भागीरथीकाकू म्हणाली. "आता माझं बघ."

ड्रायव्हरने हॉर्न दिला. आते एक पाय वर, एक खाली, तशीच वाकली. तिने काकूच्या गालात अंगठा घालून गाल बाहेर ओढला, तोंड उन्हाला धरलं आणि डोळे बारीक करून आत बघत राहिली. हॉर्न वाजत होता. सगळ्या स्टँडवर घाई नव्हती ती एकट्या आतेला.